अर्ध्या इंचाची अम्मी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीला बोलायला बोलावलं की त्याने पावसावर बोलावं, प्रेमावर बोलावं अशी अपेक्षा असते. मी आज ‘केबी’वर बोलणार आहे. केबी म्हणजे किलोबाइट. हा शब्द तुमच्या कानावरून गेला नसेल असं मला वाटत नाही. घरात नोकरीचे फॉर्म भरणारं, शिष्यवृत्तीचा अर्ज करणारं एखादं लेकरू असेल तर ‘फोटो पन्नास केबीच्या आत पाहिजे’ हे वाक्य तुमच्याही घरात बोललं गेलं असणार.

तुमसरला माझं छोटंसं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. बी.ए. झालो, नोकरी मिळाली नाही, म्हणून दोन जुने टाइपरायटर घेऊन बसलो. पुढे टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आला. कविता रात्री लिहितो. दिवसा लोकांचे फोटो लहान करतो. आजवर कविता किती लिहिल्या ते वही काढून सांगता येईल, फोटो किती लहान केले ते मात्र कुणालाच सांगता येणार नाही.

यात बोलण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. बटण दाबलं की फोटो लहान होतो. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण याच कामात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती माझ्या घरातली होती. तिच्याकडे मी येणारच आहे. आधी हे काम काय असतं ते थोडं सांगतो, म्हणजे चूक किती मोठी होती ते कळेल.

बँकांच्या भरतीचा आयबीपीएसचा अर्ज घ्या. त्यात फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा आणि २० ते ५० केबीच्या दरम्यान हवा असतो. सही १४० बाय ६० ठिपक्यांची, १० ते २० केबीची. ठिपका म्हणजे पिक्सेल. संगणकातला प्रत्येक फोटो अशा रंगीत ठिपक्यांच्या आडव्या-उभ्या रांगांचा बनलेला असतो. आता आपल्या साध्या मोबाईलमधला फोटो किती मोठा असतो? बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा धरला तर ४००० बाय ३०००, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. वजन तीन-चार हजार केबी. अर्जात जागा आहे २०० गुणिले २३०, म्हणजे ४६ हजार ठिपक्यांना. दर दोनशे साठ ठिपक्यांमागे एकाला आत घ्यायचं आणि बाकीच्यांना दारातून परत पाठवायचं. आणि तरीही माणूस ओळखू आला पाहिजे. दिवसभर मी हेच करतो.

एकदा आंधळगावचा एक मुलगा असाच शेवटच्या तारखेला संध्याकाळी आला. सोबत वडील होते. आंधळगाव आमच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात. कोशाच्या कापडासाठी हा भाग प्रसिद्ध आहे. वडील हातमागावर काम करणारे. मुलाने मोबाईलवर स्वतःच फॉर्म भरायचा प्रयत्न केला होता. फोटो चेपला होता. चौकोनी फोटो उभ्या चौकटीत दाबून बसवल्यामुळे पोरगा लांबट तोंडाचा दिसत होता. सही तर दिसतच नव्हती. अख्ख्या कोऱ्या पानाच्या मधोमध बारीक पेनाने सही केलेली, आणि फोटो पूर्ण पानाचा. पानाच्या रुंदीचा दहावा हिस्सा सहीने घेतला असेल, तर १४० ठिपक्यांतले तिच्या वाट्याला चौदाच आले. चौदा ठिपक्यांत कुणाची सही मावणार? मुंगीचा पाय उमटल्यासारखी दिसत होती.

मी त्याला काळ्या पेनाने, जरा ठसठशीत सही करायला लावली. सहीच्या कडेने पान कापलं, म्हणजे संगणकावर क्रॉप केलं, आणि मग लहान केलं. फोटोचंही तसंच. आधी खांद्यापर्यंतचा भाग कापून घेतला, रुंदी-उंचीचं प्रमाण जुळवलं आणि शेवटी लहान केलं. आधी कापायचं, नंतर लहान करायचं. नको असलेली भिंत, दार, कॅलेंडर आधीच काढून टाकलं की सगळे ठिपके चेहऱ्याच्या कामी येतात.

वडील स्क्रीनकडे टक लावून पाहत होते. मी फोटो मोठा करून त्यांना ते चौकोनी ठिपके दाखवले. ते म्हणाले, “शायरसाहेब, हे तर आमच्या काठासारखंच दिसते.” काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकट म्हणजे धाग्यांची जागा. मी विचारलं, “मग मोठ्या काठावरचा मोर लहान काठावर घ्यायचा असला तर तुम्ही काय करता?” म्हणाले, “मधले धागे गाळून जमत नाही. तसं केलं तर चोच जाते अन् मोराचं बदक होते. मोर पुन्हा काढावा लागते. चोच, तुरा अन् पिसारा ठेवायचा, बाकीचं सोडायचं.”

मला ते फार पटलं. लहान करणं म्हणजे नुसतं कमी करणं नाही. काय ठेवायचं ते ठरवणं आहे.

संगणकसुद्धा हे ठरवतो, पण त्याच्या पद्धतीने. सगळ्यांत सोपी पद्धत अशी, की ठरावीक अंतरावरचा एकेक ठिपका उचलायचा आणि मधले सोडून द्यायचे. आपला जिल्हा भाताचा. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो. भात सगळा सारखा शिजलेला असतो, म्हणून ते चालतं. चेहरा सारखा नसतो. नेमका उचललेला ठिपका बुबुळाच्या कडेचा निघाला तर डोळाच बिघडतो. बारीक चौकड्यांचा शर्ट असला तर त्याच्यावर भलत्याच लाटा उमटतात. म्हणून चांगले प्रोग्राम एक शीत न उचलता मूठभर घेतात. आजूबाजूच्या ठिपक्यांचा हिशेब करतात, जवळच्याला जास्त वजन देतात, लांबच्याला कमी, आणि त्यातून एक नवा ठिपका तयार करतात. प्रोग्राममध्ये बायलिनिअर, बायक्युबिक, लँक्झोस अशी नावं दिसतात, त्या हिशेबाच्या वेगवेगळ्या रीती आहेत. फोटो लहान करताना यांतली एखादी निवडली की चेहरा मऊ पण खरा राहतो. मग जरासा धारदारपणा दिला की झालं. जास्त दिला तर केस तारेसारखे दिसतात.

हे झालं ठिपके कमी करण्याचं. केबी कमी करण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि तिच्यामागे एका भारतीय माणसाची कथा आहे. बंगळूरला १९४० साली जन्मलेले नासिर अहमद पुढे अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांच्या मनात एक गणिती युक्ती आली. चित्राचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा ठळक आणि बारीक अशा ठरावीक नक्ष्यांची बेरीज म्हणून लिहायचा. कुठली नक्षी किती प्रमाणात आहे एवढेच आकडे ठेवायचे. माणसाच्या डोळ्याला ठळक फरक चटकन दिसतात, अगदी बारीक फरक फारसे जाणवत नाहीत. मग बारीक नक्ष्यांचे आकडे ढोबळ केले किंवा सोडून दिले तरी चित्र तसंच वाटतं. या कामासाठी त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. एका परीक्षकाला ही कल्पना फारच सोपी वाटली होती, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन हा त्यांचा विद्यार्थी आणि के. आर. राव हे सहकारी, या दोघांबरोबर त्यांचा लेख १९७४ च्या जानेवारीत छापून आला. १९९२ साली जेपेग नावाचं मानक ठरलं, ते याच युक्तीवर उभं आहे. आपल्या मोबाईलमध्ये फोटोच्या नावापुढे ‘जेपीजी’ दिसतं ना, तेच हे. आठ बाय आठ ठिपक्यांचे, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचे तुकडे करून हा हिशेब चालतो. फार दाबलेल्या फोटोवर चौकोनी डाग दिसतात, ते त्या तुकड्यांच्या शिवणी असतात.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आधी जातं ते बारीक. ठळक शेवटपर्यंत टिकतं. चेहऱ्याची ठेवण राहते, सुरकुत्या जातात. आणि गेलेलं परत येत नाही. तोच फोटो उघडून, बदलून पुन्हा जेपीजीत सेव्ह केला की पुन्हा थोडं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं कशी विटत जातात, तसंच हे आहे.

आता माझ्या घरात येतो.

माझी अम्मी २००७ साली हजला गेली. फॉर्मसाठी पांढऱ्या पडद्यासमोर फोटो काढायचा होता. अम्मीला फोटोचं वावडं होतं. मोबाईलवाले नातू-नाती समोर आले की ती ओढणी तोंडावर घ्यायची. पण हजसाठी म्हटल्यावर निमूट स्टुडिओत येऊन बसली आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं. आयुष्यात एकदाच. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं, कारण १९७७ साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला आणि नंतरच्या पिढ्यांनी ते वण पाहिलेच नाहीत. आम्ही भावंडं लहानपणी तिच्या मांडीवर पडून बोटाने ते मोजायचो. उजव्या गालावर अकरा, डाव्या गालावर सात आणि हनुवटीवर एक. मोजणी चुकली की ती स्वतःच दुरुस्त करायची.

स्टुडिओवाल्याने फोटोंच्या प्रती दिल्या आणि एक सीडी दिली. सीडीवरचा फोटो मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतला. चांगला मोठा होता, दोन हजारांहून जास्त ठिपके रुंद. प्रती हळूहळू वेगवेगळ्या अर्जांना लागल्या. एक घरातल्या जुन्या कार्डावर चिकटवलेली आहे, पण अर्ध्या चेहऱ्यावर गोल शिक्का बसला आहे.

२००९ साली शारजाला असलेल्या भाचीने ईमेलवर नानीचा फोटो मागितला. तेव्हा आमच्याकडचं इंटरनेट कसं होतं ते ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना आठवत असेल. मोठी फाईल चढवायला लावली की चहा पिऊन यावं, पान खाऊन यावं, तरी ती अर्ध्यावरच. मी विचार केला, पोरीला स्क्रीनवरच तर बघायचा आहे. फोटो उघडला. १५० बाय १९३ ठिपक्यांचा केला. आणि सवयीने ‘सेव्ह’ दाबलं. ‘सेव्ह अॅज’ नाही, ‘सेव्ह’. दोन शब्दांतला एक गाळला, एवढीच चूक. मोठा फोटो गेला आणि त्याच नावाने त्याच जागी लहान येऊन बसला. भाचीला फोटो मिळाला, ती खूश झाली, मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. काय झालं ते मला कळलंसुद्धा नाही.

अम्मी २०१९ मध्ये गेली. आमच्याकडे भिंतीवर फोटो लावायची रीत नाही, त्यामुळे लगेच कुणी शोधला नाही. पुढे माझा दुसरा कवितासंग्रह छापायचं ठरलं. अर्पणपत्रिकेच्या पानावर अम्मीचा फोटो असावा असं मनात आलं. फाईल नागपूरच्या प्रेसमध्ये पाठवली. तिथल्या डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन आला, “काका, मोठा पाठवा, हा फाटतोय.” फाटतोय हा त्यांच्या धंद्यातला शब्द. ठिपके मोठे होऊन चौकोन दिसायला लागले की फोटो ‘फाटला’ म्हणतात. मी म्हटलं, “अरे, तोच तर मोठा आहे.” आणि मग मी फाईल उघडून आकडा बघितला. १५० बाय १९३.

चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. दीडशेला तीनशेने भागा. अर्धा इंच. माझी अम्मी अर्ध्या इंचाची उरली होती.

सीडी शोधली. तिच्या पाठीवर इतके चरे पडले होते की एकाही कॉम्प्युटरने ती वाचली नाही. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. हजारो लोकांचे फोटो ज्याने जपून लहान केले, त्याने स्वतःच्या आईचा फोटो घालवला.

प्रेसमधला मुलगा भला होता. म्हणाला, “मी मोठा करून बघतो.” आता मोठं करणं म्हणजे काय? दीडशे ठिपके सहाशे जागांत पसरायचे आणि मधल्या रिकाम्या जागा शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरायच्या. नकाशावर दोन गावांच्या मध्ये तिसऱ्या गावाची खूण करता येते, पण तिथे माणसं राहायला येत नाहीत. फोटो मोठा झाला, पण धुक्यातून पाहिल्यासारखा. मग त्याने नवं अस्त्र काढलं. कृत्रिम बुद्धिमत्तेचा, ज्याला आपण एआय म्हणतो त्याचा प्रोग्राम. दोन मिनिटांत त्याने फोटो पाठवला.

श्रोतेहो, फोटो सुंदर होता. डोळ्यांत चमक, ओढणीचा एकेक धागा वेगळा, त्वचा अगदी नितळ. मी पाहतच राहिलो. गोंदियाला धाकट्या बहिणीला लगेच पाठवला. तिचा फोन आला. थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “भाईजान, ये अम्मी नहीं है. दाग कहाँ हैं?”

अकरा, सात आणि एक. एकही नव्हता.

तो प्रोग्राम खोटारडा नाही. त्याला लाखो चेहरे दाखवून शिकवलेलं असतं. अस्पष्ट चेहरा समोर आला की असा चेहरा मोठा असता तर बहुधा कसा दिसला असता, याचा तो अंदाज करतो. हरवलेलं तो शोधत नाही, नवं रचतो. ज्यांचे चेहरे त्याने जास्त पाहिले त्यांच्यासारखं रचतो. देवीचे वण असलेले चेहरे त्याने कुठे पाहिले असणार? २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या अशाच एका प्रोग्रामची चर्चा जगभर झाली होती. बराक ओबामांचा ठिपके-ठिपके झालेला फोटो त्याला दिला, तर त्यातून एक गोरा माणूस तयार होऊन आला. ओबामांचे हजारो फोटो जगात आहेत, म्हणून चूक लगेच पकडली गेली. आमच्या अम्मीचा एकच होता. बहिणीने ओळखलं नसतं तर तो परका चेहरा माझ्या पुस्तकात अम्मी म्हणून छापला गेला असता. आणि पन्नास वर्षांनी नातवंडांनी तोच खरा मानला असता.

या धावपळीत मला एक गोष्ट वाचायला मिळाली. संगणकात गेलेला पहिला फोटो १९५७ सालचा. अमेरिकेतले रसेल कर्श नावाचे अभियंता. त्यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा फोटो स्वतः बनवलेल्या यंत्राने संगणकात घातला. किती ठिपक्यांचा? १७६ बाय १७६. तेव्हाच्या संगणकाला याहून मोठा पेलवत नव्हता. म्हणजे ही सगळी विद्या एका बापाने आपल्या बाळाचा चेहरा जपायला घेतला तिथून सुरू झाली, आणि मी तिच्याच आधारे माझ्या आईचा चेहरा घालवून बसलो. कर्शना फार ठिपके ठेवणं शक्यच नव्हतं, त्यांनी शक्य होते तेवढे ठेवले. माझ्याकडे भरपूर होते, ते मी निष्काळजीपणाने टाकून दिले.

माझ्या चुकीतून तुम्हाला काही देता आलं तर बरं, म्हणून चार कामाच्या गोष्टी सांगतो. लिहून घ्या म्हणणार नाही, सोप्या आहेत.

पहिली गोष्ट, मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याची नक्कल काढायची, तिला वेगळं नाव द्यायचं आणि जी काही कापाकापी करायची ती नकलेवर करायची. मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवायचा, कारण सीडी, पेनड्राइव्ह, मोबाईल यांतलं काहीच अमर नाही.

दुसरी गोष्ट, दरवेळी मूळ फोटोपासूनच लहान करायचं. आज शंभर केबीचा केला, उद्या त्याचाच पन्नासचा, परवा त्याचा वीसचा, असं करायचं नाही. प्रत्येक वेळी मूळ फोटो घ्यायचा आणि एकदाच लहान करायचा. आधी कापा, मग ठिपके कमी करा, आणि तरीही केबी जास्त असतील तरच शेवटी दर्जाचा आकडा थोडा खाली आणा. बरेच जण उलट करतात. फोटो चार हजार ठिपके रुंदच ठेवतात आणि दर्जा पार तळाला नेतात. मग चेहऱ्यावर त्या आठ बाय आठच्या शिवणी दिसतात. रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात बदला, नाहीतर माणूस चेपतो. दाखल्यावरची, गुणपत्रिकेवरची बारीक अक्षरं असतील तर जेपीजी फार दाबू नका, अक्षरांच्या कडेला काजळी धरते. चालत असेल तिथे पीएनजी वापरा, त्यात काही गळत नाही.

तिसरी गोष्ट, व्हॉट्सअॅपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की तो वाटेत आपोआप लहान होतो. लग्नाचे, घरच्या माणसांचे फोटो जपायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग ते जसेच्या तसे पोहोचतात. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो, असं धरून चालू नका.

चौथी गोष्ट, घरात जुने कागदी फोटो असतील तर मोबाईलने त्यांचा फोटो काढून समाधान मानू नका. स्कॅन करा आणि इंचाला सहाशे ठिपके ठेवून करा. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. सहाशेने स्कॅन केला की सव्वाआठशे ठिपके रुंद मिळतो, म्हणजे पावणेतीन इंच चांगला छापता येतो. फाईलचं वजन वाढलं तर वाढू द्या. जागा आता स्वस्त झाली आहे. अर्जाला केबीची मर्यादा असते, आपल्या कपाटाला नसते.

आणि एआयने मोठा केलेला, सुधारलेला फोटो घरात ठेवायचाच असेल तर ठेवा, पण त्याच्या नावात तसं लिहून ठेवा. मागून येणाऱ्यांना कळलं पाहिजे की यातलं खरं किती आणि भरलेलं किती.

माझ्या संग्रहाचं काय झालं ते सांगून थांबतो. प्रेसमधल्या मुलाला मी म्हटलं, फोटो आहे तेवढाच छाप. तो म्हणाला, “काका, अर्धा इंच? पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान दिसेल.” म्हटलं, दिसू दे. मोकळ्या पानाच्या मधोमध अर्ध्या इंचाची अम्मी आणि खाली तिचं नाव. वण त्यातही दिसत नाहीत. पण कुणी ते पुसलेले नाहीत, फक्त तिथपर्यंत नजर पोहोचत नाही. तिच्याखाली मी एक ओळ घातली आहे. कविता नाही, नोंद आहे. उजव्या गालावर अकरा, डाव्या गालावर सात, हनुवटीवर एक. फोटोतून जे गेलं ते शब्दांत ठेवता आलं तेवढं ठेवलं.

पुस्तक पाहणारा प्रत्येक जण विचारतो, फोटो एवढा लहान का? मी सांगतो, एवढाच खरा उरला आहे.

हे भाषणही आता दहा-बारा मिनिटांत बसवलं आहे. कुणी छापलंच तर पानाच्या मापाने आणखी काटछाट होईल. होऊ द्या. मूळ प्रत मी घरी ठेवली आहे.